उड्या न मारता खेळता येतील असे व्यायामाचे व्हिडिओ गेम सुचवाल का?

नमस्कार, मदत हवी आहे. माझ्या बारा वर्षांच्या मुलाच्या पायाचं प्लास्टर निघून दोन महिने झाले. डॉक्टरांनी हालचाल वाढवायला सांगितलंय, पण उड्या आणि धावणं अजून बंद. मैदानावर नुसतं बघत बसायला लागतं म्हणून तो तिकडे फिरकतच नाही.

भावाने निन्टेन्डो स्विच हा गेम कन्सोल आणि २०१९ साली आलेला 'रिंग फिट अॅडव्हेंचर' हा व्यायामाचा गेम वापरायला दिलाय. एक कंट्रोलर हाताने दाबायच्या गोल रिंगमध्ये, दुसरा मांडीवरच्या पट्ट्यात. बारीक झालेल्या मांडीला पट्टा बांधताना मलाच कसंतरी होतं. पण रिंग दाबताना त्याची कोपरं थरथरतात, कपाळावर घाम येतो आणि तरी तो "अजून एकदा" म्हणतो! इतक्या दिवसांनी त्याला असं रमलेलं पाहिलं.

अडचण अशी की पुढे जायला जागच्या जागी धावावं लागतं. आवाज न करण्याचा मोड लावला तर धावण्याऐवजी गुडघे वाकवायचे असतात. हे गुडघे वाकवणं कितपत चालेल, ते फिजिओथेरपिस्टना विचारणारच आहे. तोवर फक्त दंड आणि पोटाचे व्यायाम निवडून खेळलेलं कुणी आहे का? 'जस्ट डान्स' हा नाचाचा गेम खुर्चीत बसून, नुसत्या हातांनी खेळता येतो असं वाटतं, कारण तो हातातल्या कंट्रोलरची हालचाल मोजतो. मुलांना त्यात मजा येते का? 'बीट सेबर' हा तालावर हात फिरवत ठोकळे कापायचा गेमही डोक्यात आहे, पण डोळे झाकणारा व्हीआर हेडसेट घालून तोल गेला तर, ही भीती वाटते.

अशा दुखापतीनंतर कुणाच्या मुलांनी हे गेम खेळले असतील तर रोज किती वेळ खेळू दिलं, तेही सांगा.