विमावाल्यांचे फोन: घोळवायचं की गप कट करायचं?

टॉवेलवाला
मंडळी मत पाहिजे, पण आधी माझं सांगतो. सोलापुरात अक्कलकोट रोडला आपले बारा माग आहेत, टॉवेल काढतो, लई मोठं काय नाही. नंबर पाटीवर, बिलावर, पार्सलच्या गठ्ठ्यावर सगळीकडं छापलाय, त्यामुळं अनोळखी फोन उचलायचाच नाही हे आपल्याला परवडत नाही, कोण कुठल्या गावची पार्टी असेल सांगता येत नाही. आणि गेला महिनाभर दिवसाला सहा-सात फोन यायलालेत, सगळे आरोग्य विम्याचे. निम्म्यात तर माणूसच नसतो, टेप वाजते, आपल्या परिवाराच्या सुरक्षेसाठी वगैरे, आणि मग एक दाबा.

तर मी दाबतो. माणूस लाईनवर आला की घोळवतो. परवा एकाला २३ मिनिटं धरून ठेवला. घरात सतरा माणसं सांगितली, चौघांना शुगर, आजोबा ९४ चे, आणि एक म्हैस आजारी असते तिला पण फॅमिली प्लॅनमध्ये घेता का विचारलं. त्यानं म्हशीचं वय विचारलं. मागावरची पोरं काम सोडून हसत होती.

माझं म्हणणं सोपं आहे, ती २३ मिनिटं तो दुसऱ्या कुणाच्या म्हाताऱ्याला गंडवू शकला नाही. तक्रार-बिक्रार करून काय होत नाही, करून बघितलंय. सगळ्यांनी असंच केलं तर त्यांचा धंदाच बसेल. पटतंय का?

विजापूर_वेस
म्हशीचं वय 😂😂 सांगितलंस का पण?

एक्स्चेंजकाका
नाही पटत. दूरसंचार खात्यात ३१ वर्षं काढली म्हणून थोडं मोठं लिहितो, कंटाळा आला तर सोडा.

एक दाबतोस ना, तिथंच घोटाळा आहे. ती टेप वाजवणारं मशीन असतं, एका वेळेला शेकडो नंबर फिरवतं. कोणी उचलला, कोण किती सेकंद थांबला, कुणी आकडा दाबला हे सगळं त्यात नोंद होतं. तू दाबलास की तुझा नंबर चालू आहे आणि माणूस बोलणारा आहे हे पक्कं झालं. अशा नंबरांच्या याद्या पुढं विकल्या जातात. तू म्हणतोस महिनाभरात सहा-सातवर गेले, अरे कशामुळं गेले ते तूच लिहिलंयस की वर.

आता तक्रारीचं. जाहिरातीचा फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला पाहिजे, आणि बँक-विमावाल्यांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ची मालिका दिलीय. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोण विमा विकत असेल तर तो नोंदणी न केलेला, म्हणजे नियम मोडूनच बोलतोय. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायनं (दूरसंचार नियामक) नियम बदलले, आता फोन आल्यापासून ७ दिवसांत तक्रार करता येते (आधी ३ होते), आणि असल्या बिननोंदणीवाल्याविरुद्ध तक्रार करायला तुम्ही डीएनडीत (जाहिरातीचे फोन नकोत म्हणणाऱ्यांच्या यादीत) असलंच पाहिजे असं राहिलं नाही. १० दिवसांत ५ जणांनी एकाच नंबरची तक्रार केली की कारवाई लागते. पहिल्या वेळी १५ दिवस जाणारे फोन बंद, परत सापडला तर त्याची सगळी कनेक्शनं एक वर्ष बंद. १९०९ ला मेसेज टाकायला एक मिनिट लागतं. तुझ्या त्या २३ मिनिटांत किती झाल्या असत्या मोज.

टॉवेलवाला
काका तुमच्याबद्दल आदर आहे पण केली होती हो तक्रार. चार-पाच दिवसांनी मेसेज, की हा फोन तुमच्या संमतीनं आला होता, तक्रार बंद. मी कधी दिली संमती? मी तर त्या कंपनीचं नाव पण पहिल्यांदा ऐकलं.

पॉलिसीवाले_मालक
दिली असणार. मागं कधी नेटवर प्रीमियम किती पडतो बघायला नंबर टाकलावता का? तिथं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, डीएनडी असलं तरी आम्ही आणि आमचे भागीदार फोन करू शकतो म्हणून, आणि चौकोनात टिक आधीच मारलेली असते. ते भागीदार किती ते देवाला माहीत.

टॉवेलवाला
च्यायला. टाकलावता. दिवाळीच्या आधी, विम्यावरचा जीएसटी गेला म्हणून पेपरात आलं तेव्हा.

सध्या_टेक्सासला
सोलापूरचाच, गेली नऊ वर्षं इकडं. तक्रार-यादीवर फार भरवसा ठेवू नका. इथं पण आरोग्य विम्याचे रोबोकॉल, म्हणजे तेच टेपवाले फोन, हा मोठा ताप आहे. २०२१ मध्ये इथल्या सरकारनं टेक्सासच्याच दोघा धंदेवाल्यांना २२.५ कोटी डॉलर दंड लावला, जवळपास १०० कोटी फोन केले होते, मोठ्या नावाजलेल्या विमा कंपन्यांची नावं खोटी सांगून भलतेच प्लॅन विकायचे. आणि त्यातल्या एकानं काय कबूल केलं माहितीय का, की फोन नको असलेल्यांच्या यादीतल्या लोकांनाच तो मुद्दाम फोन करायचा, कारण तिथं विक्री जास्त होते! म्हणजे 'नको' म्हणून नाव घातलं की तेच गिऱ्हाईक.

एक्स्चेंजकाका
पण दंड लागला कशामुळं? तक्रारी आणि फोनचा माग काढल्यामुळंच ना. म्हैस सांगून नाही लागला.

हेडफोनवाली
मी हे फोन करायचं काम केलंय. जुळे सोलापुरात एका फ्लॅटमध्ये ऑफिस होतं, आठ महिने, आता बंद झालं. वीस पोरी आणि चार पोरं, समोर कॉम्प्युटर, नंबर तोच लावतो आपण निवडत नाही. त्यामुळं तुम्ही जेवताय का मयतीत आहात हे आम्हाला खरंच माहीत नसतं. दिवसाला दोनशेच्या वर फोन आणि त्यातले शंभर तरी शिव्या, आयाबहिणीवरनं, आणि समोरून काय पण बोलू दे आपण "धन्यवाद सर" म्हणूनच ठेवायचं नाहीतर पगार कापतात.

टॉवेलवाले दादा, राग मानू नका, पण ज्यानं म्हशीचं वय विचारलं ना तो चोर नव्हता हो. तो फॉर्म भरत होता. समोरचा काय पण बोलला तरी रकाना भरायचा एवढंच शिकवलेलं असतं, आणि मागं सुपरवायझर कॉल ऐकत असतो, हसला तरी बोलणी. चोर म्हशीपर्यंत थांबतच नाही, तिसऱ्या मिनिटाला पैशावर येतो, नाहीतर ओटीपीवर, नाहीतर लिंक पाठवतो. त्याला घोळवायला लागलात की तोच ठेवून देतो, त्याच्याकडं वेळ कुठाय. म्हणजे तुमच्या तावडीत सापडतो तो आमच्यासारखा, आणि ज्याला अडवतोय म्हणून तुम्ही लिहिलंय तो सुटतो.

विजापूर_वेस
मग काय हार घालायचा का त्यांना? पोटासाठी करता मान्य आहे ताई, पण माझी पण दुपारची झोप पोटासाठीच असते, रात्रपाळी करतो मी. साधं काम करणारा असला तरी नियम मोडूनच फोन करतोय ना.

हेडफोनवाली
हार नको. "नको" म्हणा आणि ठेवा. दोन सेकंद.

अशोक_चौक_अक्का
चोर थांबत नाही हे खरं आहे, आमच्या घरातलं सांगते.

आई ७१ ची, आयुष्यभर विड्या वळल्या, घरात तेलुगू आणि बाहेर मोडकं मराठी, हिंदी अजिबात नाही. फोन आला हिंदीत, तुमची जुनी पॉलिसी बंद पडलीय तिच्यावर बोनस साठलाय, १ लाख ८६ हजार. आई आपली "एवरु, एमी कावाली" म्हणत राहिली, कोण तुम्ही काय पाहिजे, मग त्यानंच ठेवला. संध्याकाळी आम्ही लई हसलो, म्हटलं भाषेनं वाचवलं.

तिसऱ्या दिवशी त्याच गोष्टीसाठी फोन आला तो तेलुगूत. चांगलं गोड बोलणारा, "अम्मा अम्मा" करणारा. पॉलिसीचा नंबर पण बरोबर सांगितला, बाबांची एक खरंच बंद पडलेली होती. विमा नियामकाच्या ऑफिसातनं बोलतो म्हणाला, बोनस सोडवायला आधी जीएसटी भरावा लागतो, १२,५००. आईनं शेजारच्या पोराकडून पाठवले. मला कळलं चार दिवसांनी, जेव्हा "दुसरा हप्ता" मागितला तेव्हा. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, लावला, नोंद घेतली, पण तोवर पैसे तीन खाती फिरून काढले पण होते. लगेच लावला असता तर मधेच अडवता आले असते म्हणे.

आई अजून म्हणते तो पोरगा खरा होता, मधल्या लोकांनी खाल्ले.

पॉलिसीवाले_मालक
अक्का वाईट झालं. एजंट आहे, २२ वर्षं झाली, म्हणून ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांच्यासाठी लिहितो. इर्डा म्हणजे विमा नियामक कुणालाही फोन करत नाही, पॉलिसी विकत नाही, बोनस देत नाही, कधीच नाही. आणि साध्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीवर बोनसचा चेक घरी येतच नाही, तिथं क्लेम नाही झाला तर कव्हर वाढतं. जीएसटी तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर शून्य झालाय, आता जो कोण जीएसटी आधी भरा म्हणतोय त्याला तिथंच ओळखा. आणि अक्का, आईला ७० वरच्यांचं आयुष्मान कार्ड मिळतं, ५ लाखांपर्यंत, त्याला उत्पन्नाची अट नाही आणि कार्डाला पैसे लागत नाहीत. आता त्या नावानं पण फोन यायलालेत, कार्ड काढून देतो ओटीपी सांगा, तर तेवढं आईला आधीच सांगून ठेवा.

पण सगळे फोन वाईट म्हणून बंद करणारे पण माझ्याकडंच रडत येतात. रिन्यूअलचा फोन मी केला, कंपनीनं केला, उचलला नाही, मेसेज बघितला नाही, मुदत गेली, वरचे सवलतीचे ३० दिवस पण गेले. मग नवीन पॉलिसी आणि जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड (तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) परत पहिल्यापासून, तो ३ वर्षांपर्यंत असू शकतो.

होटगी_रोड_बंड्या
याला माझी साथ. अनोळखी नंबर आपोआप गप्प करायचं सेटिंग मोबाइलमध्ये असतंय ना ते मी मोठ्या हौसेनं चालू केलेलं. वडिलांचं ऑपरेशन झालं, डिस्चार्जच्या दिवशी मी खाली कँटीनला, आणि हॉस्पिटलच्या विमा काउंटरवरनं सहा फोन, एक कागद कमी होता म्हणून. फोन वाजलाच नाही. कागद गेल्यावर विमा कंपनीनं ३ तासांच्या आत मंजुरी द्यायची असा नियम आहे, ते दिली पण त्यांनी वेळेत, पण कागदच चार वाजता गेला. रात्री साडेआठला बाहेर पडलो, वडील तोवर कपडे घालून बेडवर बसलेले, बोलले काही नाहीत, नुसतं बघत होते.

विजापूर_वेस
म्हणजे उचलला तरी मरण नाही उचलला तरी मरण. काका आता तुम्हीच सांगा बे, सॉरी, हो.

एक्स्चेंजकाका
बे चालेल, सोलापूरचाच आहे मी. उचल की, कोण नको म्हणतंय. टेप असली तर ऐकत बसू नको, काहीही दाबू नको, "नको असल्यास दोन दाबा" म्हणाले तरी दाबू नको, ठेव. माणूस असला तर नको म्हण. पैसे, ओटीपी, लिंक, फाईल यातलं काही निघालं तर ठेव आणि पॉलिसीवर छापलेल्या नंबरला तू स्वतः फोन लाव. आणि नंबर १९०९ ला टाक. फसवणुकीचा फोन असेल पण पैसे गेले नसतील तर सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर चक्षू म्हणून आहे तिथं टाक. मला कळतंय यात मजा नाही.

टॉवेलवाला
अक्काचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. दुसरा फोन तेलुगूत आला हे डोक्यातनं जात नाही. म्हणजे पहिल्यानं आईचं बोलणं ऐकून कुठंतरी लिहून ठेवलं असणार, भाषा तेलुगू म्हणून. आणि मी तर घरात किती माणसं, कुणाला शुगर, सगळं सांगून बसलोय. सतरा खोटे आहेत पण शुगर खरी आहे, आमच्या आईला. उद्या "तुमच्या आईच्या शुगरच्या क्लेमबद्दल" म्हणून फोन आला तर कारखान्यावर मी उचलेन पण घरी ती उचलेल.

तर एक दाबायचं बंद. आज तीन नंबर १९०९ ला टाकलेत. पण काका, सरळ सांगतो, परत "तक्रार बंद" आला तर इथंच फोटो टाकणार आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. आणि टिकवाल्या त्या बारीक अक्षरावर कोण काय करणार आहे का नाही, ते पण सांगा, कारण मला तर ती टिक काढायची जागाच सापडली नाही अजून.

एक्स्चेंजकाका
ट्रायचं डीएनडी ॲप आहे त्यात दिलेल्या संमत्या दिसतात का बघ, पण दिसतीलच असं मी छातीठोक सांगणार नाही. फोटो टाक, मी आहे इथंच.

हेडफोनवाली
दादा एक विचारू, म्हशीचं वय किती सांगितलंत?

टॉवेलवाला
साडेसहा. ती खोटी नाही, कुंभारीला मेव्हण्याकडं आहे.