गगनबावड्याला १४ जणांचा मुक्काम: चुलीवर सोपं आणि चवीचं काय करावं?

उजळाईवाडीकर
मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही १४ जण गगनबावड्याच्या अलीकडे मित्राच्या शेतावर तंबू टाकून राहणार आहोत. दहा मोठे, चार पोरं. मोठ्यांपैकी तिघे शाकाहारी. शेतात विहीर आहे, लाईट नाही. मित्राच्या वडिलांनी चूल मांडायला परवानगी दिलीय, शिवाय पाच किलोचा छोटा सिलेंडर आणि एक शेगडी आहे. शनिवारी दुपारी चारला पोचणार, रविवारी अकराला निघणार. म्हणजे संध्याकाळचा चहा आणि खाणं, रात्रीचं जेवण, सकाळचा नाष्टा.

पार्सल न्यायचं नाही असं ठरलंय. निम्म्या लोकांना मटण हवंच आहे. पण कुणी एक-दोघं रात्रभर चुलीपाशी अडकून पडू नयेत, ही माझी मुख्य अट. गप्पा सगळ्यांनी माराव्यात. काय बेत करू?

शाहूपुरी पाचवी गल्ली
भावा, त्यात काय विचार करायचा? तांबडा, पांढरा, सुकं आणि भाकरी. शाकाहारी लोकांना पिठलं टाक. थंडीत शेतावर दुसरं काही शोभत नाही.

मळ्यावरची काकू
पांढऱ्याचा बेत मात्र मनातनं काढा. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा. सकाळी काढलेलं दूध गाडीत फिरून संध्याकाळपर्यंत चांगलं राहील याचा भरवसा नाही. शिवाय जोराची उकळी आली की ते फाटतं, म्हणून चुलीचा जाळ सांभाळत एकानं तिथंच बसायचं. तुमची अट तिथंच मोडली.

आमच्याकडं मळ्यावर वीस-पंचवीस माणसांचं जेवण नेहमी चुलीवर होतं. मी एकच धरून चालते: चव घरून न्यायची, शेतावर फक्त शिजवायचं. एक वाटण नीट केलं की रात्रीचं जेवण आणि सकाळची मिसळ दोन्ही त्यावर निघतात.

शुक्रवारी रात्री दीड किलो कांदा उभा चिरून तेलावर लालसर परता. पाव किलोच्या थोडं वर सुकं खोबरं आणि १०० ग्रॅम तीळ वेगवेगळे कोरडे भाजा, खोबरं बदामी झालं की उतरवा, काळं होऊ देऊ नका. दोन मुठी सोललेला लसूण, आल्याचा मोठा तुकडा, कोथिंबिरीची जुडी. हे सगळं शक्य तितक्या कमी पाण्यात वाटा आणि वाटीभर तेलात कडेनं तेल सुटेपर्यंत परता. इथं घाई करू नका. पाणी राहिलं की वाटण आंबतं. पूर्ण गार झालं की स्टीलच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि नेताना बर्फाच्या पेटीतूनच न्या. कांदा-लसूण चटणी मात्र वेगळ्या डब्यात, वाटणात मिसळायची नाही. पोरांच्या आणि मोठ्यांच्या तिखटाचा मेळ बसत नाही.

आता रात्रीचं. शाकाहारी तिघांना पिठल्यावर भागवायचं हे मला पटत नाही. अख्खा मसूर करा, तो सगळेच खातील. पाऊण किलो मसूर पुरे. भिजत घालायला नको, हाच त्याचा मोठा गुण. धुऊन हळद, चमचाभर तेल आणि भरपूर पाणी घालून शेगडीवर ठेवला की अर्ध्या-पाऊण तासात मऊ होतो. टोमॅटो आधी घालू नका. आंबटात कडधान्य शिजायला वेळ घेतं. मसूर बोटानं दाबला की चेपतोय असं दिसल्यावर टोमॅटो, मीठ, वाटणाचे चार-पाच डाव आणि चटणी. वरून कच्चा कांदा आणि लिंबू. मसुराचं पातेलं आणि पळी आधीपासून वेगळी ठेवा. शाकाहारी माणसाला ते विचारावं लागू नये.

मटण चुलीवर. अकरा खाणारे, त्यात चार पोरं, तर अडीच किलो. शनिवारी सकाळी घ्या आणि बर्फात ठेवून कच्चंच न्या. अर्धवट शिजवून नेऊ नका, वाटेत कोमट राहिलेलं मटण बाधतं. पोचल्या पोचल्या चूल पेटवा. तेलावर थोडा कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ, त्यावर मटण, आणि वर खोलगट ताट झाकून त्यात पाणी. ते पाणी तापलं की तेच आत ओतायचं, ताटात पुन्हा गार पाणी. असं केलं की मटण बुडाला लागत नाही आणि गार पाण्यानं आकसतही नाही. कोवळं असेल तर तासाभरात, नाहीतर दीड तास. मध्ये दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी उठून बघितलं तरी भागतं.

मटण शिजलं की पहिल्यांदा अळणी, म्हणजे तिखट-वाटण न घातलेलं मटणाचं पाणी, काढून घ्या. पोरांना गरम भातावर अळणी आणि मऊ फोडी द्या, ती सात वाजताच जेवून मोकळी होतात आणि आया-बापांना नंतर निवांत बसता येतं. उरलेल्यात वाटण आणि चटणी घालून उकळी आणली की तांबडा झाला.

भात सव्वा किलो तांदळाचा. आजऱ्याचा घनसाळ मिळाला तर जरूर घ्या, झाकण काढल्यावर सगळे ताट घेऊन जवळ येतात. मोजूनच करा. रात्रभर पातेल्यात राहिलेला भात सकाळी पोरांना देऊ नका.

भाकरी तुम्ही थापत बसू नका. मित्राच्या गावातल्या एखाद्या मावशींना दोन दिवस आधी सांगा, त्यांना योग्य पैसे द्या, ३५-४० भाकरी फडक्यात गुंडाळून घ्या. खर्डा मात्र तिथंच करा: तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे भाजायचे, मीठ घालायचं आणि तांब्याच्या बुडानं तव्यातच रगडायचं. हे काम पोरांच्या बापांना द्या.

उजळाईवाडीकर
काकू, हे वाचूनच भूक लागली. अळणीची कल्पना फारच आवडली, आमच्या आजी तसंच द्यायच्या. संध्याकाळचं आणि नाष्ट्याचं पण सांगा ना. आणि भांडी काळी होतात त्याचं काय करायचं?

मळ्यावरची काकू
संध्याकाळी जयसिंगपूरचं भडंग, त्यात कांदा, कोथिंबीर, लिंबू. आणि मटण शिजत असताना चुलीच्या कडेच्या निखाऱ्यात रताळी पुरून ठेवा. तेवढं बास, नाहीतर रात्री कुणी जेवत नाही. चहा गुळाचा करणार असाल तर दूध घालून उतरवल्यावर गूळ घाला. उकळत्या दुधात गूळ टाकला तर चहा फाटण्याची भीती असते.

नाष्ट्याला मिसळ. अर्धा किलो मटकी गुरुवारी सकाळी भिजत घाला, रात्री बांधून ठेवा, शुक्रवारी मोड दिसले की फ्रिजमध्ये. सकाळी हळद-मीठ घालून १०-१५ मिनिटांत शिजते. दुसऱ्या पातेल्यात तेल जरा सढळ हातानं, त्यात चटणी, राहिलेलं वाटण, गरम पाणी. उकळला की कट तयार. फरसाण, कांदा, लिंबू आणि स्लाइस ब्रेड. आपल्याकडं मिसळीला ब्रेडच लागतो, पावाच्या लाद्या वाहून नेऊ नका. पोरांना मटकीवर दही आणि फरसाण, कट नको.

भांड्यांचं सोपं आहे. चुलीवर चढवण्याआधी बुडाला बाहेरून ओल्या मातीचा पातळ हात फिरवा. काजळी मातीवर बसते आणि धुताना मातीसकट निघते. चुलीला दगड कोरडे घ्या, ओढ्यातले ओले नकोत, आत पाणी मुरलेला दगड तापला की फुटतो आणि कपच्या उडतात. पोरं भोवती असणार आहेत. लाकूड वाळलेलं इथूनच न्या. वापरायला विहिरीचं पाणी चालेल, प्यायला मात्र २० लिटरचे तीन जार न्या.

राधानगरी रोड
बेत एक नंबर. एक गोष्ट जोडतो, कारण हे वाचून दुसरं कुणी तरी राधानगरी अभयारण्यातल्या दाजीपूरला जाऊन चूल मांडेल. मालकीच्या शेतात परवानगीनं चूल पेटवणं वेगळं, अभयारण्यात वेगळं. राधानगरी अभयारण्यात आग लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. गडावरही नको, पन्हाळ्याला गेलात तर झुणका-भाकर तिथल्या बायकांकडून घ्या.

तुमच्या भागातही डिसेंबरात गवत वाळलेलं असतं. चुलीभोवती दोन हात जागा खरडून साफ करा आणि झोपण्याआधी निखारे पाण्यानं विझवून हात जवळ नेऊन ऊब राहिली नाही ना ते बघा. हाडं, उष्टं शेतात टाकू नका. कुत्री, रानडुकरं वासानं येतात. गवेही त्या बाजूला फिरतात, त्यामुळे अंधारात पोरांना एकटं सोडू नका.

शाहूपुरी पाचवी गल्ली
काकू, पांढऱ्याचं पटलं. पण मटणाऐवजी चिकन घेतलं तर वेळ वाचेल की नाही?

मळ्यावरची काकू
वाचेल की. ब्रॉयलर अर्ध्या तासात होतं, पण अळणीला मटणाची चव येत नाही. गावठी कोंबडी मिळाली तर अळणी सुरेख होते, वेळ मात्र मटणाएवढाच धरा. १४ जणांत गावठी दोन-अडीच किलो घेताना हाडं जास्त निघतात, म्हणून अर्धा किलो जादा घ्या.

उजळाईवाडीकर
मटणच ठरलं. मित्राच्या आईनं शेजारच्या मावशींना ४० भाकरी सांगितल्यात. वाटण माझ्याकडे, मटकी बहिणीकडे, लाकूड मेहुण्याच्या गाडीतून.