प्रति: नेस्टेड ऑब्जेक्ट की नुसता आयडी?
ऑर्डर तयार करताना ग्राहकाचा अख्खा ऑब्जेक्ट (ऑर्डरच्या आत त्याची सगळी माहिती, म्हणजे नेस्टेड) न पाठवता नुसता आयडी पाठवा, हे चर्चेतलं आधीचं म्हणणं पटलं. जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये (पायथनमधलं वेब एपीआय बनवायचं साधन) नेस्टेड डेटा सेव्ह करायचा तर क्रिएट मेथड आपणच लिहावी लागते. पण प्रायमरी की रिलेटेड फील्डला (आलेल्या आयडीवरून रेकॉर्ड शोधणारं फील्ड) क्वेरीसेट म्हणून, म्हणजे ज्यात शोधायचं ते रेकॉर्ड म्हणून, सरसकट सगळे ग्राहक दिलेत, तर कुणीही अंदाजाने 57 असा आयडी टाकून दुसऱ्याच्या ग्राहकाला ऑर्डर चिकटवेल. व्ह्यूमधला (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडमधला) फिल्टर या फील्डला लागू होत नाही, आणि नेमकं तेच नजरेतून सुटतं. फील्डचा सबक्लास करून त्याच्या गेट क्वेरीसेट मेथडमध्ये कॉन्टेक्स्टमधल्या (फील्डला सोबत मिळणाऱ्या माहितीतल्या) रिक्वेस्टच्या युजरवरून फिल्टर लावा. मग परक्या आयडीला 400 (चुकीची रिक्वेस्ट) एरर मिळतो, रेकॉर्ड आहे की नाही याचा पत्ताही लागत नाही.

मेनी टू मेनीत (जसं एका ऑर्डरला अनेक टॅग, एक टॅग अनेक ऑर्डरींना) मात्र दर आयडीमागे डेटाबेसला वेगळी क्वेरी जाते. दोनशे टॅग आले की दोनशे क्वेऱ्या.