हॅलोविनच्या रात्री तुमचं कुत्रं-मांजर कुठे असतं?

मोतीची आई, शिकागो
३१ ऑक्टोबर जवळ आला की आमच्या गल्लीत अंगणोअंगणी सांगाडे उभे राहतात आणि आमचा मोती रोज त्याच सांगाड्यावर नव्याने भुंकतो. गेल्या वर्षी लेकीने सोंग घेऊन दारोदार गोळा करून आणलेली चॉकलेटं त्याने कागदासकट फस्त केली. डॉक्टरांनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या: वजन किती आणि चॉकलेट कुठलं? मोती ३२ किलोचा, चॉकलेट दुधाचं, म्हणून उलटीच्या इंजेक्शनवर निभावलं. डार्क चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन, म्हणजे कुत्र्यांना बाधणारं द्रव्य, कितीतरी जास्त असतं, ते असतं तर हृदयावर बेतलं असतं. कागद मात्र दोन दिवस निघत होते, जास्त लिहीत नाही. तुमचेही अनुभव लिहा, फजितीचे चालतील.

बेदाणा, सिएटल
आम्ही पडलो शहाणे! पोरांना चॉकलेट नको म्हणून वाटायला मनुकांच्या छोट्या डब्या आणल्या. आमच्या बीगलने तीन फोडल्या. चॉकलेट नाही, म्हणून मी निर्धास्त. नवऱ्याने सहज दवाखान्यात फोन केला तर, "आत्ताच्या आत्ता आणा." द्राक्षं-मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर ते सांगता येत नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला थोड्याही बाधतात. दोन दिवस सलाइन आणि रक्ततपासण्या. तेव्हापासून दिवाळीच्या चिवड्यातले बेदाणेही बंद. सासूबाईंना अजून पटलेलं नाही. गावाकडचा त्यांचा वाघ्या म्हणे बेदाण्यांचा शिरा खाऊन म्हातारा झाला.

निमूट, ऑस्टिन
शुगर-फ्री च्युइंगमही लपवा. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याची साखर अर्ध्या तासातही धाडकन उतरते.

पणती-भोपळा, न्यू जर्सी
२०२४ला नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले. पायरीवर एका बाजूला पणत्या, दुसऱ्या बाजूला कोरलेला भोपळा. फराळाला आलेली मंडळी चपला काढत दारात उभी, त्यांच्यामधून चेटकिणी आणि स्पायडरमॅन हात पुढे करतायत. तासभर दार मिटलंच नाही म्हणा ना. रात्री दहाला आमच्या चिंगी मांजरीची वाटी भरायला गेले, तर चिंगी नाही.

चिप बसवलेली होती, त्यामुळे सापडेलच अशी माझी समजूत. ती चिप ठिकाणा दाखवत नाही, यंत्र फिरवलं की फक्त एक क्रमांक दाखवते, हे मला तेव्हा कळलं. त्या क्रमांकापुढे आमचा टेक्सासमधला बंद पडलेला फोन. घर बदललं तेव्हा बँकेपासून दूधवाल्यापर्यंत सगळीकडे पत्ता कळवला, चिंगीचा राहिला. तिसऱ्या दिवशी आम्हीच प्राण्यांच्या निवारा केंद्रात शोधत गेलो, तर बाई पिंजऱ्यात पाठ करून बसलेल्या. दोन दिवस आमचा फोन लावून लावून तिथले लोक थकले होते.

आता त्या संध्याकाळी चिंगी वरच्या खोलीत, पाणी, मातीचा ट्रे आणि रेडिओसकट. दारावर चिठ्ठी: "उघडू नका, आत वाघीण आहे."

वडापाव, टोरांटो
मी आमच्या पग कुत्र्याला वडापाव केलं होतं, दोन्हीकडे उशांचे पाव. फोटोत सारखा जांभया देतोय, कान मागे, डोळ्यांचं पांढरं दिसतंय. आम्ही म्हटलं, झोप आली बिचाऱ्याला. मैत्रीण प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, ती म्हणाली, "अगं, घाबरलाय तो." आता फक्त गळ्यात नारिंगी रुमाल.

चमक, बोस्टन
पोरांच्या हातातली चमकणारी कांडी मांजरीने चावली आणि तोंडातून फेसच फेस. माझी पाचावर धारण! पण ते द्रव्य नुसतं जहाल कडू असतं, सहसा जिवावर बेतत नाही. दवाखान्यातल्यांनी सांगितलं, दिवा घालवा, अंगावर जिथे चमकेल तिथे ओल्या फडक्याने पुसा. अंधारात अख्खी मिशी हिरवी!

लंडनकर
तुमचं एका रात्रीत आटपतं. आमच्याकडे हॅलोविन, दिवाळी आणि ५ नोव्हेंबरची गाय फॉक्सची रात्र (राजाला उडवण्याचा त्याचा कट फसला, त्याची आतषबाजी), म्हणजे पंधरवडाभर फटाके. पलंगाखाली जुन्या गोधड्यांची गुहा मी ऑक्टोबर लागतानाच करते, म्हणजे सवय होते.

मोतीची आई, शिकागो
दाराचं माझ्या डोक्यातच नव्हतं, मी आपली चॉकलेटंच लपवत बसले. या वर्षी बेल बंद, खाऊची टोपली पायरीवर.

पणती-भोपळा, न्यू जर्सी
ताई, पायरीवर खारूताई येतात. आमची टोपली त्यांनी साडेचारलाच रिकामी केली होती.