मदत हवी आहे: इन्व्हिटची 'कर्जाची परतफेड' रिटर्नमध्ये कुठे दाखवू?

कोकणमेवा: तातडीचं आहे. इन्व्हिट म्हणजे रस्ते, वीजवाहिन्या अशा प्रकल्पांत पैसे लावणारा ट्रस्ट; त्याचे युनिट मी शेअरसारखे घेतले. दर तिमाहीला बँकेत एकच रक्कम जमा होते, पण पत्रकात तिचे तीन तुकडे: व्याज, डिव्हिडंड आणि कर्जाची परतफेड. पहिले दोन कळले. परतफेड म्हणजे माझेच पैसे मला परत, मग कर नाही ना? हो की नाही एवढंच सांगा.

खडूफळा: कधी घेतले, कितीला? हातात आहेत का विकलेत?

पैसापाणी: 2023च्या बजेटपासून सगळंच करपात्र झालंय. स्लॅबप्रमाणे भरा नि मोकळे व्हा.

खडूफळा: @पैसापाणी, तो फेब्रुवारीतला प्रस्ताव. मार्चमध्ये बदलला. परतफेडीची आजवरची बेरीज इश्यू प्राइसच्या वर गेली, तर तेवढाच वरचा भाग इतर उत्पन्नात. तोवर ती खरेदी किमतीतून वजा होते.

पैसापाणी: म्हणजे 130ला घेतलं तर 130पर्यंत सूट?

खडूफळा: नाही हो. ट्रस्टने युनिट 100ला दिलं असेल तर 100च. शिवाय तुमच्या आधीच्या मालकाला मिळालेलंही त्याच बेरजेत.

मामीचाडबा: या भानगडीत पडावंच कशाला? पोस्टाची मासिक योजना घ्या. आमच्या ह्यांना दर महिन्याला बिनबोभाट येतात.

शून्यतास: एप्रिल 2025पासून शेअरच्या डिव्हिडंडवर 10 हजारांपर्यंत टीडीएस नाही बरं का.

खडूफळा: विचारलंय कोणी? इन्व्हिटच्या व्याजावर पहिल्या रुपयापासून 10 टक्के कापतात.

कोकणमेवा: अहो, विकलेत! जानेवारी 2025मध्ये. म्हणून तर विचारतोय. 2022मध्ये 500 युनिट 130ला घेतले, 90ला काढले. ब्रोकरच्या पत्रकात तोटा 20,000. तोच टाकू?

खडूफळा: हे आधी सांगायचं ना! परतफेड एकूण किती आली?

कोकणमेवा: युनिटमागे 5.40.

खडूफळा: मग खरेदी 124.60. तोटा 34.60 गुणिले 500, म्हणजे 17,300. परतफेड थेट बँकेत जाते, ब्रोकरच्या पत्रकात ती धरलेली नाही. तोटा दीर्घ मुदतीचा, तशाच नफ्यातून वळता होईल. आयटीआर-2 भरा आणि ट्रस्टच्या फॉर्म 64बीशी (कोणत्या प्रकारचे किती पैसे दिले ते सांगणारं ट्रस्टचं पत्रक) आकडे ताडून बघा.

पैसापाणी: इश्यू प्राइसचं मला अजून पटलेलं नाही.

कोकणमेवा: 64बी पासवर्ड मागतोय. पॅन टाकला, चालत नाही.

मामीचाडबा: स्मॉलमध्ये टाकून बघा.

कोकणमेवा: उघडला!