मदत हवी आहे : पंधरा हजारांत घरासाठी संगणक घेऊन त्यावर लिनक्स चालवायचे आहे

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. घरासाठी संगणक घ्यायचा आहे आणि त्यावर पहिल्या दिवसापासून लिनक्सच (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) वापरायचे, असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले आहे. खर्चाची मर्यादा पंधरा हजार रुपये आहे. पूर्वीच्या बंद पडलेल्या संगणकाचा १९ इंची पडदा आणि कीबोर्ड चांगल्या स्थितीत असल्यामुळे फक्त डबा (सीपीयू) घ्यावा लागेल. कोणते यंत्र घ्यावे आणि पैसे देण्यापूर्वी दुकानातच काय काय तपासून घ्यावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

घरातील गरज सांगतो. मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला संगणकशास्त्र शिकते आणि पत्नी बचत गटाचा हिशेब ठेवते. परंतु संगणकाची खरी निकड माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना आहे. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), कानबाईच्या सणाची आणि लग्नातली अहिराणी गाणी गावोगावच्या वृद्ध बायांकडून ऐकून ती वह्यांमध्ये उतरवून ठेवण्याचे काम ते वीस वर्षांपासून करीत आहेत. अशा अकरा वह्या भरल्या असून त्यांपैकी तीन वह्या पूर्वी टायपिंगच्या एका दुकानातून टंकून घेतल्या होत्या. त्या फायली आमच्याकडे आहेत, पण युनिकोडपूर्व (सर्व यंत्रांवर अक्षरे सारखी दिसण्यासाठीची युनिकोड पद्धत येण्यापूर्वीच्या) फाँटमधल्या असल्यामुळे मोबाइलवर उघडल्या की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. ज्यांनी ती गाणी सांगितली त्यांतल्या कितीतरी जणी आता हयात नाहीत, त्यामुळे हा मजकूर पुन्हा गोळा करता येणार नाही. तो कोणत्याही यंत्रावर, पुढेही वाचता येईल अशा स्वरूपात आणणे हे माझ्या दृष्टीने संगणक घेण्याचे पहिले कारण आहे.

लिनक्सच का, असे कोणी विचारील. जुने संगणक विकणारे बहुतेक जण "विंडोज आम्हीच टाकून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत" असे सांगतात. ती प्रत विनापरवाना असते, आणि अशी वस्तू घरात नको, हे नानांचे म्हणणे मला पूर्ण पटते. रीतसर परवाना घ्यायचा तर आमच्या मर्यादेतला मोठा हिस्सा त्यातच जाईल. शिवाय विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या यंत्रांपैकी पुष्कळ यंत्रे विंडोज ११ च्या अटींमध्ये बसत नाहीत.

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये चौकशी केल्यावर दोन पर्याय समोर आले. एक म्हणजे कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेला, इंटेल आय५ सहाव्या पिढीचा, आडवा छोटा डबा : ८ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, किंमत साडेनऊ हजार. दुसरा म्हणजे इंटेल एन१०० प्रोसेसरचा तळहाताएवढा नवा मिनी पीसी, जो आमच्या मर्यादेच्या थोडा बाहेर जातो. रास्पबेरी पायचाही विचार केला, पण केस, अडॅप्टर आणि मेमरी कार्ड धरल्यास बचत फारशी उरत नाही.

माझ्या शंका अशा. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि वीज दिवसातून अनेकदा जाते-येते. घरात साधा इन्व्हर्टर आहे. या परिस्थितीत जुने यंत्र टिकेल का? लिनक्सच्या इतक्या प्रकारांतून नानांना आणि मुलीला दोघांनाही झेपेल असा कोणता? आणि त्या तीन वह्यांच्या फायलींचे काय करावे?

प्रतिसाद १ (धुळे)

आपल्या गरजेला सहाव्या पिढीचा आय५ पुरेसा आहे, किंबहुना भरपूर आहे. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच्याच प्रोसेसरना अधिकृतपणे मान्यता देते, म्हणून कार्यालयांनी त्याआधीची यंत्रे मोठ्या प्रमाणावर काढून टाकली आहेत. लिनक्सला ही अट नाही. तेव्हा याच पिढीचे यंत्र घ्या, मात्र फिरती हार्ड डिस्क घेऊ नका. तिच्याऐवजी २४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून मागा. जुना संगणक मंद वाटण्याचे कारण बहुतेक वेळा प्रोसेसर नसून ती फिरती डिस्क असते.

प्रणाली म्हणून मी लिनक्स मिंट सुचवीन. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत, आणि तिची मांडणी, म्हणजे खाली पट्टी व डाव्या कोपऱ्यात मेन्यू, ही सायबर कॅफेत संगणक पाहिलेल्या माणसाला अनोळखी वाटत नाही. डेबियन हा लिनक्सचा दुसरा प्रकार उत्तमच आहे, सीडॅक या सरकारी संस्थेची बॉस ही भारतीय प्रणालीही त्याच्यावरच उभी आहे. पण पहिल्यांदा लिनक्स वापरणाऱ्या घरासाठी मी मिंटच्या पलीकडे जाणार नाही.

दुकानात जाताना ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घालून न्या. काहीही न बसवता ते पेनड्राइव्हवरून थेट चालते आणि यंत्राची खरी परीक्षा तिथेच होते. यंत्र सुरू होताना डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबल्यास पेनड्राइव्ह निवडता येतो. आवाज येतो का, सगळी यूएसबी खोबणी चालतात का, रॅम सांगितली तेवढीच दिसते का, हे पाहा. बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून तिथे पूर्वीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, हे आवर्जून तपासा. तो राहिलेला असेल तर ते यंत्र घेऊ नका. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सीआर२०३२ सेल नवा टाकून घ्या. तो संपला की तारीख मागे जाते आणि मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याची तक्रार करतो. नवख्या माणसाला त्याचे कारण लवकर सापडत नाही.

आपल्या पडद्याला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीची जोडणी) असेल, तर तेही विचारात घ्या. या डब्यांपैकी अनेकांना डिस्प्लेपोर्ट (पडद्यासाठीची नवी जोडणी) असतो आणि व्हीजीए नसतो. डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारा अडॅप्टर दुकानातूनच घ्या आणि आपला पडदा सोबत नेऊन लावून पाहा.

उन्हाबद्दल : प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून आणि पंखा स्वच्छ करून घ्या, मग डबा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. इन्व्हर्टरला यूपीएस मोड असेल तर तो चालू ठेवा, म्हणजे वीज जाताना यंत्र बंद पडणार नाही. एक उणीव मात्र सांगायला हवी. या छोट्या डब्यांचा पॉवर सप्लाय कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो; तो गेला तर बाजारातला साधा पॉवर सप्लाय (एसएमपीएस) त्यात बसत नाही. म्हणून ज्याचे सुटे भाग जळगावात मिळतात तेच मॉडेल निवडा.

प्रतिसाद २ (शहादा)

तुमच्या मुलीसाठी एक सूचना. कॉलेजात टर्बो सी (सी भाषेचा डॉसवरचा जुना कंपायलर) शिकवत असतील, तर जीसीसी या लिनक्सवरील कंपायलरमध्ये conio ची हेडर फाइल नसल्यामुळे क्लिअरस्क्रीन आणि गेटसीएच ही फंक्शने असलेले प्रोग्राम तसेच्या तसे चालणार नाहीत. डॉसबॉक्स (जुने डॉस प्रोग्राम चालवणारे सॉफ्टवेअर) बसवले की टर्बो सी त्यात चालते. घरी मात्र जीसीसीवरच सराव करू द्या.

प्रतिसाद ३ (चाळीसगाव)

फायलींविषयी लिहितो, कारण हे काम मी स्वतः केले आहे. सर्वांत आधी त्या टायपिंगच्या दुकानातून मूळ फाँटची फाइल (टीटीएफ) मिळवा. ती लिनक्सवर बसवली की लिबरऑफिसमध्ये (लिनक्सवरील लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) मजकूर देवनागरीत दिसू लागतो आणि कोणत्या फाँटसाठीचे परिवर्तक (जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे साधन) हवे, हेही त्यावरून कळते. मग तो मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये न्यायचा. मूळ फायलींची प्रत दोन ठिकाणी ठेवल्याशिवाय हे काम सुरू करू नका. परिवर्तनानंतर ऱ्हस्व इकार, रफार आणि 'ऱ्या'तला अर्धा र हमखास चुकतात. अहिराणीत तर शुद्धलेखन तपासणीची सोय मदतीला येत नाही, त्यामुळे नानांनी वहीशी ताडून प्रत्येक ओळ वाचावी लागेल. नव्या वह्यांसाठी आयबस या टंकलेखन-साधनातील इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्ड मांडणी शिकावी, असे मी सुचवीन. तिच्यात शिफ्ट आणि J ही कळ दाबली की ऱ उमटतो.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी पेनड्राइव्ह आणि पडदा घेऊन जळगावला गेलो. पहिल्या यंत्राच्या बायोसला पासवर्ड निघाला, तो दुकानदारालाही माहीत नव्हता. ते बाजूला ठेवले. दुसरे यंत्र एसएसडी, नवा सेल आणि अडॅप्टरसह बारा हजार सातशेला ठरवले. मिंट त्याच दिवशी बसवले. इंटरनेटसाठी अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडला, तर काही न करता जोडणी झाली.

टायपिंगचे ते दुकान बंद झाले आहे, परंतु मालकाच्या घरी जुन्या सीडीवर फाँट मिळाला. पहिल्या वहीची चौदा पाने युनिकोडमध्ये आली असून नाना ती वहीशी ताडत आहेत. चाळीसगावच्या दादांनी सांगितले तसेच रफार बऱ्याच ठिकाणी पुढच्या अक्षरावर सरकले आहेत. ही एकाच प्रकारची चूक लिबरऑफिसमध्ये शोधा-बदला वापरून सर्व पानांत एकदम दुरुस्त करता येईल का, की प्रत्येक शब्द हातानेच पाहणे सुरक्षित ठरेल, एवढे कृपया कोणी सांगावे.