मदत हवी आहे: एकच न्यूरोट्रान्समीटर (चेतापेशींमधील संदेशवाहक रसायन) एका ठिकाणी रक्तदाब वाढवतो आणि दुसऱ्या ठिकाणी उतरवतो, हे कसे?

नमस्कार. घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीला क्लोनिडीन हे रक्तदाब उतरवणारे औषध सुरू झाल्यापासून मी रक्तदाबाच्या शरीरक्रियाशास्त्राविषयी वाचत आहे. औषध योग्य की अयोग्य हा माझा प्रश्न नाही, तो डॉक्टरांनी पाहिलेला आहे. मला केवळ यंत्रणा समजून घ्यायची आहे.

आतापर्यंत जे समजले ते आधी लिहिते, म्हणजे घोडे नेमके कुठे अडले आहे ते जाणकारांना दिसेल. मानेतील कॅरोटिड धमनी जिथे दुभागते तिथे आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोके असतात. दाब वाढून धमनीची भिंत ताणली गेली की या तंतूंमधील संदेशांची वारंवारता वाढते आणि ते नवव्या व दहाव्या कपालीय चेतांमधून मस्तिष्कपुच्छातील (मेंदूच्या मेरुरज्जूला जोडलेल्या सर्वांत खालच्या भागातील) न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस, म्हणजे एनटीएस, या केंद्रात पोचतात. या टोकांवर ताण ओळखण्याचे काम पिझो-१ आणि पिझो-२ ही प्रथिने करतात, असे २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. इथपर्यंत अडचण नाही.

एनटीएसमध्ये हे तंतू ग्लुटामेट हा न्यूरोट्रान्समीटर सोडतात, आणि परिणामी रक्तदाब उतरतो. परंतु मस्तिष्कपुच्छाच्याच पुढील-बाहेरील भागात, ज्याला आरव्हीएलएम म्हणतात, ग्लुटामेट दिले तर रक्तदाब चढतो. नॉरएड्रेनलिनचेही तसेच: रक्तवाहिन्यांवर ते दाब वाढवते, आणि त्याच्याच कुळातील रिसेप्टरवर (पेशीवरील संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनावर) काम करणारे क्लोनिडीन मात्र दाब कमी करते. शिवाय दाब चढताच तो खाली आणणारी इतकी तत्पर व्यवस्था शरीरात असताना काही जणांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढाच का राहतो, हेही कळत नाही. कोणी सविस्तर सांगू शकेल का?

प्रतिसाद १

न्यूरोट्रान्समीटरला रक्तदाब ठाऊक नसतो. तो केवळ पुढच्या चेतापेशीला चेतवतो किंवा शांत करतो. दाबाचे काय होणार हे त्या पेशीच्या कामावर ठरते. म्हणून सुरुवात आरव्हीएलएमपासून करावी.

तेथील चेतापेशी सतत कार्यरत असतात. त्यांचे तंतू मेरुरज्जूत उतरून सिंपथेटिक चेतासंस्थेला (रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या व हृदयाची गती वाढवणाऱ्या स्वायत्त चेतांना) संदेश देत राहतात आणि त्यामुळे रक्तवाहिन्या कायम थोड्या आकुंचित राहतात. प्राण्यांमध्ये दोन्ही बाजूंच्या या पेशी शांत केल्यास दाब एकदम कोसळतो. साहजिकच त्यांना ग्लुटामेटने चेतवले तर तो चढणार. एनटीएस मात्र त्यांना थेट थोपवत नाही. ते ग्लुटामेटच्याच साहाय्याने मधल्या एका केंद्राला, म्हणजे सीव्हीएलएमला, चेतवते, आणि त्या केंद्रातील पेशी आरव्हीएलएमवर गाबा सोडतात. गाबा हा शमन करणारा पदार्थ आहे. दोन टप्पे चेतवणारे आणि तिसरा शमवणारा, असा हा क्रम मांडला की तुमच्या पहिल्या प्रश्नातील विसंगती उरत नाही.

एनटीएसकडून दुसरी शाखा हृदयाला मंदावणाऱ्या व्हेगस चेतेकडे (दहाव्या कपालीय चेतेकडे) जाते. तिच्या टोकाशी स्रवणारे ॲसिटिलकोलीन हृदयाच्या गतिकारक पेशींवरील एम-२ रिसेप्टरला चिकटते, पोटॅशियमचे मार्ग उघडतात आणि ठोके एक-दोन स्पंदनांतच मंदावतात. रक्तवाहिन्या सैलावण्यास याहून काही सेकंद अधिक लागतात. आडवे असताना उठून उभे राहिले की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त शरीराच्या खालच्या भागाकडे सरकते. त्या वेळी हीच सारी साखळी उलट दिशेने चालते. गाबाचा लगाम ढिला होतो, व्हेगस मागे सरते, आणि आपल्याला बहुधा काही जाणवतही नाही.

आता क्लोनिडीन. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवरील अल्फा-१ रिसेप्टर पेशीतील कॅल्शियम वाढवून आकुंचन घडवतात. मस्तिष्कपुच्छातील अल्फा-२ रिसेप्टर याच्या उलट चेतापेशीला शांत करतात आणि तंतूंच्या टोकाशी नॉरएड्रेनलिनचे स्रवणेही कमी करतात. रक्तातील नॉरएड्रेनलिन मेंदूत सहसा शिरू शकत नाही, क्लोनिडीन मात्र सहज शिरते. हे औषध मुळात नाक मोकळे करण्यासाठी, म्हणजे रक्तवाहिन्या आकुंचित करण्यासाठी, तयार झाले होते; दाब उतरणे, नाडी मंदावणे आणि गुंगी येणे हे गुण वापरताना लक्षात आले. ते शिरेतून वेगाने दिल्यास दाब आधी थोडा वेळ चढतो आणि मग उतरतो, कारण रक्तवाहिन्यांवरही काही अल्फा-२ रिसेप्टर असतात आणि औषध त्यांच्यापर्यंत आधी पोचते. एकाच मात्रेत दोन्ही परिणाम दिसतात, याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

क्लोनिडीनच्या परिणामाचे श्रेय इमिडाझोलिन या वेगळ्या प्रकारच्या रिसेप्टरला द्यावे असे म्हणणारेही आहेत, आणि मॉक्सोनिडीन या तशाच औषधाच्या बाबतीत त्या मताला वजन आहे. परंतु ज्या उंदरांतील अल्फा-२ए रिसेप्टर जनुकीय बदलाने निकामी केला होता, त्यांच्यात क्लोनिडीनने दाब उतरला नाही. मला हा पुरावा अधिक पटतो.

प्रतिसाद २

तिसऱ्या प्रश्नाविषयी, म्हणजे दाब वर्षानुवर्षे चढाच का राहतो याविषयी. ही प्रतिक्षिप्त यंत्रणा दाबातील बदल टिपते. दाब बराच काळ चढा राहिला तर ती त्यालाच नेहमीची पातळी धरून तिच्याभोवती काम करू लागते. १९७३ मध्ये कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत धमन्यांतील दाबग्राहींच्या (वर सांगितलेल्या ताण ओळखणाऱ्या टोकांच्या) चेता तोडल्यावर दिवसभराचा सरासरी दाब फारसा बदलला नाही, पण त्यातील चढउतार बरेच वाढले. सरासरी ठरवण्यात मूत्रपिंडाचा वाटा मोठा असतो.

तरीही मेंदू त्यातून सुटत नाही. सिंपथेटिक तंतू मूत्रपिंडातील बीटा-१ रिसेप्टरमार्फत रेनिन हे विकर स्रवण्यास लावतात, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन-२ हे दाब वाढवणारे संप्रेरक तयार होते, आणि ते मेंदूच्या सबफॉर्निकल ऑर्गनसारख्या भागांवर, जिथे रक्त-मेंदू अडसर (रक्तातील पदार्थांना मेंदूत शिरू न देणारी भिंत) नसतो, एटी-१ रिसेप्टरवर काम करून सिंपथेटिक संदेश आणखी वाढवते. त्यामुळे दोष मेंदूचा की मूत्रपिंडाचा, हा वाद मला फारसा उपयोगाचा वाटत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एक उपप्रश्न: हे औषध अचानक बंद करू नये असे पाकिटातील पत्रकावर ठळक छापले आहे. त्याचे कारणही याच यंत्रणेत आहे का?

प्रतिसाद १

होय. दीर्घकाळ दाबून ठेवलेली सिंपथेटिक संस्था औषध थांबताच उसळते. नॉरएड्रेनलिन वाढते आणि एक-दोन दिवसांत दाब पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो, सोबत धडधड, डोकेदुखी आणि अस्वस्थता येते. सोबत बीटा-ब्लॉकर (बीटा रिसेप्टर अडवणारे औषध) चालू असेल तर धोका अधिक, कारण रक्तवाहिन्या सैल करणारे बीटा-२ रिसेप्टर अडवले गेले की अल्फा-१च्या आकुंचनाला विरोध उरत नाही. म्हणून बंद करायचेच झाले तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करूनच. एखादी मात्रा चुकली तर काय करायचे, हे त्यांच्याकडून आजच लिहून घ्यावे.